गेलं का?

आमच्या घरात भुताचा सिनेमा दुपारी चार वाजता लागतो. ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला, पडदे ओढून. लोक विचारतात, रात्री का नाही? कारण माझा नवरा भित्रा होता, दुसरं काही नाही. दुपारी बघितलं की झोपेपर्यंत भीती जिरते, असं सुरेशचं शास्त्र. दुबईतल्या रास अल खोरच्या गोदामात दीडशे माणसांवर आवाज चढवणारा हा गृहस्थ घरी बाथरूमचा दिवा चालू ठेवून झोपायचा.

शारजात आलो त्या पहिल्याच ऑक्टोबरात बिल्डिंगमधली पोरं तोंडं रंगवून दारात आली होती. हॅलोविन म्हणजे काय, हे आम्हाला कुठलं ठाऊक! सुरेशने त्यांच्या पिशव्यांत मूठ मूठ चिवडा घातला. पुढे त्याच्या ऑफिसातला एक जण नोकरी सोडून मनिलाला परत जाताना जुन्या भुताच्या सिनेमांच्या डीव्हीडींचा अख्खा खोका देऊन गेला आणि आमचं खूळ सुरू झालं. ऑक्टोबर महिनाभर सुट्टीच्या दुपारी एकेक सिनेमा, आणि एकतीस तारखेला दरवर्षी तोच, दीपगृहाचा.

काळापांढरा सिनेमा. दीपगृहाचा एकटा राखणदार, त्याची बायको समुद्रात बुडून मेलेली. एका वादळी रात्री जिन्यावर ओली पावलं वाजायला लागतात. थप्, थप्. पावलं वर येतात, थांबतात, आणि दाराची मूठ फिरते. मूठ फिरली की सुरेश उठलाच. "चहा टाकतो," म्हणत स्वयंपाकघरात पळायचा आणि तिथून ओरडायचा, "गेलं का?" मी म्हणायचे, "गेलं, ये." मग दोन कप घेऊन साहेब बाहेर यायचे, जसं काही झालंच नाही.

बावीस वर्षांत त्याने दारापलीकडचं तोंड पाहिलं नाही. "कशी दिसते गं ती?" असं मात्र दरवर्षी विचारायचा. "तुझ्या अर्चनाताईसारखी," मी सांगायचे. हसता हसता त्याच्या बशीत चहा सांडायचा.

सिनेमा संपला की घारगे. हॅलोविनच्या नावाने आणलेल्या लाल भोपळ्याला डोळे-नाक कोरायचं, आणि निघालेला गर किसून, गूळ घालून तळायचा. "पंचवीस दिरहॅमचा भोपळा, म्हणजे सहाशे रुपये!" हे वाक्य सुरेश दरवर्षी म्हणायचा आणि दहा-बारा घारगे एकटा संपवायचा.

या फेब्रुवारीत तो ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. बावन्न वर्षांचा होता.

अर्चनाताई म्हणजे त्याची थोरली बहीण. राहतात तिकडे अबू धाबीच्याही पुढे, रुवैसला, यजमान रिफायनरीत. आई लवकर गेली म्हणून सुरेशला त्यांनीच वाढवलेलं. तो गेला त्या दिवशी त्या धावत आल्या, त्याला भारतात न्यायचे शिक्के-कागद-विमान सगळं त्यांनी केलं, आणि हे मी कधी विसरणार नाही. पण तेराव्यानंतर त्यांनी मला समोर बसवून वर्षाचे नियम सांगितले. वर्षभर सण नाही. तोरण नाही. घरात गोडाची कढई चढवायची नाही. मी मान डोलावली. तेव्हा मला कोणी उन्हात उभी राहा म्हटलं असतं तरी राहिले असते.

गणपती बसला नाही. मखर सुरेश स्वतः करायचा, गोदामातल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचं. त्याने जमवून ठेवलेले पुठ्ठे बाल्कनीत पडून होते, ते ऑगस्टच्या दमट हवेत मऊ पडले आणि मी टाकून दिले. दिवाळीत कंदील नाही. फराळ शेजारच्या मॉलीने आणून दिला. वसईची आहे, करंज्या माझ्यापेक्षा बऱ्या करते. नियमांशी माझं वैर नव्हतं हो. पण दर सणाला सुरेशचं एकेक काम घरातून निघून जात होतं, आणि माझी सतरा वर्षांची शुभ्रा 'बाबा' हा शब्दच उच्चारेनाशी झाली होती. आठ महिन्यांत एकदाही नाही. त्या गोष्टीची मला सिनेमातल्या सगळ्या भुतांपेक्षा जास्त भीती वाटत होती.

दिवाळी झाल्यावर आठवड्याने ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. "मॉम, थर्टीफर्स्टला... आर वी डूइंग इट?"

"करायचं," मी म्हटलं. विचार करायला वेळच घेतला नाही.

भोपळा आला. शुभ्राने तो कोरला, त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकला. अर्ध्या तासात फोन वाजला.

"विभा, शुभ्राच्या स्टेटसवर भोपळा कसला?"

"हॅलोविनचा, ताई."

"वर्ष व्हायचंय अजून. सण करायचा नाही, असं ठरलं होतं ना आपलं?"

"सण कुठे, ताई? सिनेमा आहे."

"ठरलेली तारीख आहे, भोपळा आहे, गोडाधोडाचं आहे. मग सण नाही तर काय? तोही आपला नाही, कुणा गोऱ्यांचा! गणपती केला नाहीस आणि हे करणार? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत."

लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. फार्मसीत दिवसभर लोकांच्या कटकटी गोड बोलून ऐकणारी बाई मी, पण त्या दिवशी जीभ माझी राहिली नव्हती.

"खलास," अर्चनाताई म्हणाल्या. "शुक्रवारी मीच येते."

रुवैस ते शारजा म्हणजे चार तासांचा रस्ता. बासष्ट वर्षांची बाई स्वतः गाडी चालवत येणार, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मी मॉलीकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अगं, हा तर मेलेल्यांचाच सण! आमच्या ख्रिश्चनांत दोन नोव्हेंबरला त्यांच्यासाठी चर्चमध्ये मिस्सा असते. वसईला सगळं गाव कबरींवर मेणबत्त्या लावायला जातं. तुझ्या नणंदेला सांग, ज्या घरचं माणूस गेलं, त्या घराचा या दिवसावर पहिला मान."

मला ते एवढं पटलं की घरी येऊन मी पहिली गोष्ट केली ती ही, की फेब्रुवारीपासून वरच्या कपाटात ठेवलेली कढई खाली काढली आणि लख्ख घासली.

शुक्रवारी बरोब्बर तीन वाजता अर्चनाताई दारात. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात थालिपीठाच्या भाजणीचा डबा. भांडायला जातानाही रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांची रीत. आल्या आल्या त्यांनी सुरेशचा फोटो पाहिला, फोटोशेजारचा दात विचकणारा भोपळा पाहिला, आणि तडक स्वयंपाकघरात गेल्या. गॅसवर तेलाची कढई होती, अजून पेटवायची होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली.

"सुतकाच्या घरात तळण?"

"सुतक तेरा दिवसांत फिटलं, ताई."

"वर्ष पाळायचं असतं, विभा. त्याच्या आत्म्याला काय वाटेल याचा विचार केलास?"

"त्याला काय वाटेल ते मला विचारा. पंचवीस वर्षं राहिले मी त्याच्याबरोबर." त्यांच्यासमोर मी नेहमी 'हे' म्हणायचे. त्या दिवशी 'त्याला' म्हटलं, आणि ते दोघींनाही ऐकू आलं.

"आणि मी? मी वाढवलाय त्याला. माझ्या मांडीवर झोपायचा तो."

"म्हणून तर तुमचं ऐकत आले. गणपती सोडा म्हणालात, सोडला. दिवाळी सोडली. दरवेळी त्याचंच काहीतरी मी उचलून टाकलं. पोरगी या घरात बाबाचं नाव घेत नाही, ताई. असंच चाललं तर वर्ष फिटेल तेव्हा त्याचं इथे काहीच उरलेलं नसेल. हे मी सोडणार नाही. तुम्हाला बघायचं नसेल तर आतल्या खोलीत पडा, दमून आलात. पण चार वाजता सिनेमा लागणार, आणि नंतर घारगे होणार."

मी त्यांच्या हातातून कढई घेतली आणि परत शेगडीवर ठेवली. थोडं तेल त्यांच्या ओढणीवर सांडलं. "कर तुला काय करायचं ते," एवढंच त्या म्हणाल्या.

चार वाजता पडदे ओढले. सोफ्यावर मी आणि शुभ्रा. स्वयंपाकघराच्या दाराजवळची सोफ्याची कड सुरेशची, ती मोकळी. अर्चनाताई आतल्या खोलीत गेल्या नाहीत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून टीव्हीकडे पाठ करून बसल्या आणि जपमाळ काढली. निषेध नोंदवायचा तर हजर राहूनच.

सिनेमा सुरू झाला. वादळ सुटलं, दिवा फिरायला लागला. दहा मिनिटांनी बघते तर ताईंची खुर्ची अर्धी वळलेली.

"हा कोण?" भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं.

"राखणदार."

"बायको कुठाय त्याची?"

"बुडून मेली."

"अरेरे," ताई म्हणाल्या. माळेचे मणी पुढे सरकायचे थांबले.

अर्ध्या तासात खुर्ची पुरती वळली होती. जिन्यावर पहिलं पाऊल वाजलं, थप्. ताईंनी ओढणीचं टोक तोंडाशी धरलं. पावलं वर वर येत होती. मी पडद्याकडे बघतच नव्हते, सोफ्याच्या त्या मोकळ्या कडेकडे बघत होते. इतके दिवस धीर धरला होता, पण आता मूठ फिरेल आणि कोणीच उठणार नाही, हे मला सोसेना. वाटलं, ताईंचं ऐकायला हवं होतं. बंद करावा हा टीव्ही.

मूठ फिरली.

खुर्ची करकरली. "चहा टाकते," म्हणत अर्चनाताई उठल्या आणि धावतच स्वयंपाकघरात गेल्या. शुभ्रा माझ्याकडे बघायला लागली, मी तिच्याकडे. आणि आतून हाक आली.

"विभा, गेलं का गं?"

तोच सूर. 'का' वरची तीच ओढ. एकाच घरात, एकाच अंधाराला घाबरत मोठी झालेली ही दोन भावंडं, आणि मला हे पंचवीस वर्षांत कधी दिसलंच नव्हतं.

बावीस वर्षांचं उत्तर माझ्या ओठांवर आलं, पण मला ते म्हणवेना. गेलेलं माणूस गेलं, आता सावर, हे फेब्रुवारीपासून प्रत्येक जण मला सांगत होता. भेटायला येणारे सांगत होते, फोनवरचे सांगत होते. मी ऐकून ऐकून विटले होते.

"नाही गेलं!" मी ओरडले. "आणि जाणारही नाही! तुम्ही बाहेर या!"

"कम ना, आत्या," शुभ्रा म्हणाली, आणि मग मराठीत, "मी धरते तुझा हात."

अर्चनाताई हातात चहाची गाळणी घेऊन बाहेर आल्या. सगळ्यात जवळची जागा सुरेशची होती, तिथेच टेकल्या. एका हाताने शुभ्राचा हात गच्च धरला, दुसऱ्या हाताची बोटं डोळ्यांवर, फटीतून बघत. पडद्यावर दार सावकाश उघडलं. बाहेर रिकामा जिना. उंबऱ्यावर थोडं पाणी.

"तोंड कुठाय तिचं?" ताईंनी बोटं बाजूला केली.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"दाखवलेलंच नाही, ताई. तिथे कोणीच नाही."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, तो मला दरवर्षी फोन करून सांगायचा, भूत हुबेहूब तुझ्यासारखं दिसतं म्हणून! तू त्याला खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तो चहाला उठला नसता."

आधी शुभ्रा हसली. पोट धरून, सोफ्यावरून घसरत, अगदी त्याच्यासारखी. "ओ माय गॉड, बाबा! बाबा इतकी वर्षं नथिंगला घाबरत होता?" एका दमात दोनदा म्हणाली. मी तोंड फिरवून डोळे पुसले. अर्चनाताईंनी पुसलेच नाहीत, तशाच हसत राहिल्या. ओढणीवर तेलाचा डाग, मांडीवर गाळणी.

मग त्यांनी नाक ओढलं आणि सरळ बसल्या.

"शुभ्रा, मागे घे. मूठ फिरते तिथून परत लाव. त्याचं बघायचं राहिलंय, ते मी बघते."

शुभ्राने सिनेमा मागे नेला. पावलं पुन्हा जिना चढायला लागली. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि कढईखालचा गॅस पेटवला.