प्रार्थना आहे का?

पायऱ्या चढून आलेल्या माणसाने दाराबाहेर चपला काढल्या, काखेतली पिशवी छातीशी धरली आणि विचारलं, "प्रार्थना आहे ना?"

"आहे ना भाऊ. या, बसा," सरुबाई म्हणाली. आवाज तिने लगेच ओळखला. फोनवरचा तो हाच. तिच्या अंगावर आनंदाने काटा आला.

सामरवरणीतल्या किराणा दुकानाच्या वर, पत्र्याच्या खोलीत दर रविवारी ही मंडळी जमायची. बहुतेक सगळी नवापूर-नंदुरबारकडची, सिल्वासाच्या कंपन्यांत पोटासाठी आलेली. देवाच्या योजनेत प्रत्येकाची जागा ठरलेली असते, असं पास्टर वाल्मिक सांगायचे. सरुबाईला ते पटायचं. फक्त आपल्याच वेळी देवाने हात जरा आखडता घेतला, असं वाटायचं. चंदाच्या वाट्याला गाणं आलं, निलेशच्या वाट्याला ढोलकी, मनीषाच्या वाट्याला मुलांचा वर्ग. सरुबाईचा गळा असा, की ती गायला लागली की निलेशचा ठेका चुकायचा. मग तिला चौकशीचे फोन घ्यायला मंडळीचा मोबाइल मिळाला. सोबत नवं सिमकार्ड आणि पास्टरांनी पढवलेलं एक वाक्य: या, तुमचीच वाट बघतोय. फोन यायचे ते बहुतेक कर्ज हवंय का विचारणाऱ्यांचे. ती त्यांनाही तेच वाक्य सांगायची.

म्हणून गेल्या आठवड्यात कुणीतरी आपणहून "प्रार्थना आहे का?" असं विचारलं, तेव्हा ती हरखून गेली होती. आत्ता नाही, रविवारी सकाळी आहे, असं तिने सांगितलं. पत्ता दिला. पलीकडच्या माणसाने विचारलं, मी आलो तर चालेल का. तिने पढवलेलं वाक्य म्हटलं. त्यावर पलीकडून रडण्याचा आवाज आला आणि सरुबाईला वाटलं, हा देवाचाच स्पर्श. आज सगळ्यांसमोर उभं राहून ती त्याची साक्ष देणार होती. त्यासाठी ठेवणीतली साडी नेसून आली होती.

गाणी सुरू झाली. पाहुणा गात नव्हता, टाळ्याही वाजवत नव्हता. तो बायकांच्या बाजूचा एकेक चेहरा बघत होता. शेवटच्या रांगेपर्यंत जायचा आणि पुन्हा पहिलीपासून सुरू करायचा. बायकांनी पदर सावरले. चंदाने गाता गाता सरुबाईकडे पाहून डोळे वटारले. गाणं संपलं तसा तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"माझी पोरगी कुठं आहे?"

कुणालाच काही कळेना.

"प्रार्थना. प्रार्थना प्रभाकर पाटील. मी तिचा बाप, शहाद्याहून आलो. या ताईंनीच सांगितलं, रविवारी आहे म्हणून."

निलेशचा हात ढोलकीवर तसाच राहिला. धरणीने पोटात घ्यावं असं सरुबाईला झालं. पास्टरांनी पाहुण्याला बसवून पाणी दिलं, आणि मग एकेक करून सगळं बाहेर आलं. ठरवलेलं लग्न मुलीला नको होतं. मैत्रिणीबरोबर ती इथं कंपनीत कामाला आली, इथलंच सिम घेतलं आणि घरी एकच फोन केला. त्या फोनवर प्रभाकर तिला म्हणाला होता, तू आम्हाला मेलीस. राग उतरेपर्यंत तिचा नंबर बंद झाला होता. तरी तो कधीमधी लावून बघायचा, आणि गेल्या आठवड्यात रिंग गेली.

बंद पडलेले नंबर नव्या सिमवर दुसऱ्याला देतात, हे निलेशने त्याला हळूच समजावलं. प्रभाकरने मान हलवली, पण तो बघत होता सरुबाईकडे.

"तुम्ही म्हणाला होता ताई, तुमचीच वाट बघतोय. मला वाटलं, तिनेच तसं सांगून ठेवलं असेल."

पिशवीत मुलीच्या आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी होत्या. त्यांचा वास खोलीभर पसरला होता आणि कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं. साक्ष द्यायचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही.

दुपारी प्रभाकरने आणलेला मुलीचा फोटो घेऊन सरुबाई त्याच्याबरोबर निघाली. कंपनीतल्या पोरी जिथं जिथं भाड्याने राहतात, त्या सगळ्या खोल्यांची दारं तिने वाजवली. पोरी फोटो निरखून बघत आणि परत देत. कुणीच ओळखलं नाही. संध्याकाळी वापीच्या रिक्षात बसताना प्रभाकरने भाकरीची पिशवी तिच्या हातात दिली. परत नेली तर घरी काय सांगू, म्हणाला. मग रिक्षाची दांडी धरून थांबला.

"ताई, तो नंबर बंद करू नका. बंद लागला की फार वाईट वाटतं. मी अधूनमधून लावेन."

फोटो तिच्याकडेच राहिला.

पुढच्या रविवारी पास्टरांनी तिला बाजूला घेतलं. झाला तो प्रकार वाईट झाला, म्हणाले. आपण दुसरं सिम घेऊ, ते मनीषा सांभाळेल. तुम्ही चंदाच्या शेजारी गायला बसा, गळ्याचं बघू काहीतरी. याच शब्दांची तर ती इतकी वर्षं वाट बघत होती. समोर चंदाने सतरंजीवर सरकून तिच्यासाठी जागाही केली होती.

"नको पास्टर," सरुबाई म्हणाली. "हा नंबर माझ्याकडेच राहू द्या." आणि मोबाइल कमरेला खोचून ती दारापाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती कंपनीच्या गेटबाहेर डबा उघडत होती, तेव्हा फोन वाजला. नंबर तिने ओळखला. हाताला लागलेलं कालवण साडीला पुसून तिने फोन कानाला लावला.

"प्रार्थना आहे का?" पलीकडून विचारलं.

पढवलेलं वाक्य ओठांवर आलं होतं, ते तिने गिळलं. तो रिक्षात बसून गेल्यापासून ती कामाला निघण्याआधी फोटो भिंतीला टेकवून ठेवायची, त्यासमोर गुडघे टेकायची आणि त्या मुलीसाठी देवाकडे मागायची.

"आहे भाऊ," सरुबाई म्हणाली. "आता रोज असते."