जाताना रेघ, येताना रेघ

मी एक जुनी कसोटी आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेतल्या चाचणीला घाबरता तसं मला घाबरू नका. मी सोनाराचा काळा, चपटा दगड. दिसायला फुटक्या वरवंट्याचा तुकडा. माझ्या अंगावर सोनं घासलं की रेघ उमटते, रेघेवर तेजाबाचा थेंब टाकला की खोटी रेघ विरघळून जाते आणि खरी तशीच राहते. एवढंच माझं काम. पण ते मला चोख येतं आणि त्याचा मला तोरा आहे. का नसावा?

कुठल्या नदीच्या पात्रात जन्मले ते आता आठवत नाही. सूर्यभान आप्पांच्या आजोबांनी मला पैठणच्या बाजारातून आणलं आणि जामखेड तालुक्यातल्या एका माळरानावरच्या गावात आपल्या पेढीवर ठेवलं. तीन पिढ्यांच्या बोटांचं तेल पिऊन मी गुळगुळीत झाले.

आमच्या भागातली निम्मी माणसं दसरा झाला की कोयता घेऊन कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. पाचटाच्या कोपीत, म्हणजे वाळल्या पाल्याच्या झोपडीत, सोनं कोण सांभाळणार? म्हणून जाताना बाया आपलं किडूकमिडूक सूर्यभान आप्पांकडे ठेवत. त्याला चिठ्ठी नाही, पावती नाही. आप्पा दागिना माझ्यावर घासत आणि बाईला रेघ दाखवत. ती परत आली की त्याच दागिन्याची दुसरी रेघ पहिलीच्या शेजारी ओढत. दोन्ही रेघा जुळल्या की बाई दागिना गळ्यात घाली आणि आप्पा त्या दोन्ही रेघा मेणाने टिपून घेत. तोवर पहिल्या रेघेला कोणी बोटही लावायचं नाही, असा नेम होता. जाताना रेघ, येताना रेघ. हिवाळाभर माझ्या अंगावर गावातल्या लेकीसुनांच्या रेघा असत आणि मी त्या राखत असे.

त्यातली लंकाबाईची रेघ मला झोपेतही ओळखू आली असती. तिच्याकडे आईच्या पाच पुतळ्या होत्या. पुतळी म्हणजे सोन्याचं पातळ नाणंच, कडी लावून माळेत ओवलेलं. वापरून वापरून त्यांच्यावरची चित्रं पुसली होती, पण सोनं जुनं आणि पिवळंजर्द होतं. लंकाबाई रेघ बघून दरवर्षी एकच बोलायची, "आप्पा, माझी आय दिसती बघा हितं." आणि नवऱ्यामागे एकटीने वाढवलेल्या लेकीला, सत्यशीलेला, जवळ ओढून तिलाही दाखवायची.

आप्पांचा मुलगा अजिनाथ तालुक्याला शिकून पेढीवर बसला. पोरगा वाईट नव्हता, उतावळा होता. त्याला माझी लाज वाटे. "आप्पा, ह्यो दगड सोनं खातो. वर्षातून दोनदा घासायचं म्हंजे काय? लोकांचं सोनं झिजतंय," असं तो म्हणायचा. आप्पा हसून म्हणत, "खात असंल चिमूटभर. राखनदाराला भाकर नको व्हय?" मी खात नव्हते, मित्रांनो. पण दगडाचं कोण ऐकतं?

साल पंच्याण्णव. गावात फोनचा पिवळा डबा नुकताच बसला होता. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ते नगरला बहिणीकडे राहिले. नेमका तेव्हाच सफारी घातलेला एक माणूस पेढीवर आला. त्याने बॅगेतून काचेसारख्या प्लास्टिकच्या चपट्या डब्या काढल्या. प्रत्येक डबीत एक सोन्याची मोहर, वर चमचमतं चित्र, इंग्रजी अक्षरं, नंबर. परदेशातल्या जाणकारांनी तपासून, दर्जा ठरवून या डब्या कायमच्या बंद केल्यात म्हणाला. डबी फोडली की दर्जा गेला आणि किंमतही गेली. म्हणून कोणी फोडत नाही, कोणी घासत नाही. अजिनाथ त्या डब्या उन्हात धरून बघत राहिला. मी त्याच्या हाताशीच पडले होते. त्याने मला उचलून खणात टाकलं.

चार दिवसांनी लंकाबाई कारखान्यावरून आली. सत्यशीलेचं लग्न ठरलं होतं. पाच पुतळ्या गळ्यात घालून मुलगी येईल, असं सोयऱ्यांना सांगून झालं होतं.

"लंकामावशी, पुतळ्या पार पत्रा झाल्यात. सोयरे हसतील," अजिनाथ म्हणाला. "ह्या पाच मोहरा घ्या बदल्यात. तपासून बंद केलेल्या हायेत."

"पर आदी माज्या पुतळ्यांची रेघ वढ की. पाडव्याची रेघ न्हाई वढली आजून."

"आता त्या मोडीतच जायच्या. रेघ वढून कशाला झिजवायच्या?"

"मग ह्यांची वढ."

"डबी फोडली तर किंमत जाती, मावशी. ह्यो छाप बघा. ह्येच्यापुढं दगड काय सांगनार?"

छाप बघून लंकाबाईने डब्या पदरात घेतल्या. जन्मभर तिने जिथे छाप दिसला तिथे अंगठा दिला होता. पाच पुतळ्या पुढच्या फेरीत त्या सफारीवाल्याच्या बॅगेत गेल्या. मी खणाच्या अंधारात होते, अंगावर दसऱ्याची तिची रेघ घेऊन. त्या रेघेची जोडीदारीण आलीच नाही. मला फार राग आला. राग येऊन दगड काय करणार?

लग्नाला दोन दिवस राहिले तेव्हा आप्पा परतले. लंकाबाई आणि सत्यशीला डब्या घेऊन आल्या. मोहरांना कड्या लावून माळ ओवायची होती.

"किंमत जाईल म्हन्त्यात," लंकाबाई चाचरत म्हणाली.

"मग पोरीच्या गळ्यात डब्या बांधायच्या का?" आप्पा हसले. नव्या चष्म्यातून ते डबी न्याहाळत होते, तेवढ्यात सत्यशीलेने पाचही डब्या ओळीने मांडल्या. ती सातवीपर्यंत शिकली होती. तिने एक एक आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"आप्पा, समद्या डब्यांवर येकच नंबर हाय."

आप्पांचं हसू गेलं. त्यांनी अंगठ्याने ते चमचमतं चित्र चोळलं, तसं ते टिकलीसारखं निघून आलं. सांध्यावर डिंकाचे ओघळ होते. त्यांनी कानस घेऊन डबीचा सांधा फोडला आणि मला खणातून काढलं. एवढ्या दिवसांनी त्यांचा हात लागला, पण मला आनंद झाला नाही. मोहर माझ्यावर घासली गेली तेव्हाच मला कळलं. वर मुलामा, आत पितळ. तेजाबाचा थेंब पडला, हिरवा बुडबुडा आला आणि रेघ नाहीशी झाली. एकामागून एक पाचही रेघा गेल्या. शेजारी दसऱ्याची रेघ तेवढी पिवळी होती.

अजिनाथ भिंतीला टेकून खाली बसला. त्या माणसाने दिलेल्या पत्त्यावर तो दुसऱ्याच दिवशी जाऊन आला. तिथे पिठाची गिरणी होती.

लंकाबाई रडली नाही. तिने आप्पांचे पाय धरले. "आप्पा, कड्या लावा. पितळ तर पितळ. लगीन मोडलं तर पोर उजवायची न्हाई पुन्यांदा."

"आय, मी खोटं घालून जानार न्हाई," सत्यशीला म्हणाली.

"तू गप ऱ्हा. खोटं तू केलंस का मी?"

आप्पांनी मला खाली ठेवलं. म्हणाले, "दिवाळीपत्तुर खऱ्या पुतळ्या घडवून देतो. माजं घर इकीन, पर देतो." आणि त्यांनी पितळाला कड्या लावल्या. मी ते पाहिलं आणि त्यांना दोष देऊ शकले नाही.

दिवाळी लांब राहिली. श्रावणात सत्यशीला सासरी खुरपायला जायची. घाम आणि पितळ यांचं कधी जमलं आहे का? मुलामा उतरला, गळ्याभोवती हिरवा पट्टा उमटला. सासूने माळ तोडून घेतली आणि तिथल्या सोनाराला दाखवली. आप्पा स्वतः गेले, दोष आमच्या पेढीचा आहे म्हणून हात जोडले. सासू म्हणाली, "चोराला चोराची साक्ष." नवऱ्याने सत्यशीलेला जामखेडच्या स्टँडवर उतरवलं आणि तो त्याच गाडीने परत गेला. माळ पिशवीत घालून दिली होती.

आप्पा तेव्हापासून पेढीवर बसले नाहीत. गावातल्या बायांनी त्या दसऱ्याला दागिने आणले नाहीत. ज्यांनी आणले असते त्यांनी ते पदरात बांधून उसाच्या फडावर नेले. माझ्या अंगावर नवी एकही रेघ ओढली गेली नाही.

निघायच्या दिवशी फक्त लंकाबाई आणि सत्यशीला आल्या. दोघींचे गळे मोकळे होते. लेकीच्या मानेवरचा हिरवा डाग अजून गेला नव्हता. आता तीही कोयत्याला निघाली होती.

"ठेवायला काय न्हाई," लंकाबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "पाय वळले, म्हनून आलो."

त्यांना बघून आप्पा त्या दिवशी पेढीवर आले आणि त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसलं, पण एक कोपरा सोडून. तो कोपरा त्यांनी सत्यशीलेपुढे धरला. गेल्या दसऱ्याची रेघ तिथे होती, केसाएवढी, पिवळीजर्द. नेमाप्रमाणे तिला कोणी बोट लावलं नव्हतं.

"हिची जोड आली न्हाई, म्हनून टिपली न्हाई," आप्पा म्हणाले.

सत्यशीलेने रेघेजवळ बोट नेलं आणि मागे घेतलं. मग हळूच विचारलं, "आय, आज्जीचं एवढंच ऱ्हायलं का?"

लंकाबाईने मान हलवली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा रडली.

मित्रांनो, आप्पा गेले. अजिनाथने पेढी बंद केली, खणाला कुलूप लावलं. मी आत आहे. जे तुम्हाला घासून बघू दिलं जात नाही, त्याच्यावरचा छाप कितीही चमकला तरी त्याला आपल्या माणसाच्या गळ्यात घालू नका, एवढं माझं ऐका. आणि कधी हे कुलूप उघडलंत, तर माझा तो एक कोपरा पुसू नका. मी सोनं खाते असं अजिनाथ म्हणायचा ना? मी ते राखलं आहे. सत्यशीला आली तर तिला दाखवायचं आहे.