धनवंताच्या नावाचा दाणा

पोळ्यानंतरच्या आठवड्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं, की धनवंताला दर सोमवारी आणि गुरुवारी रक्त धुवायच्या मशीनवर आणायचं. एकही पाळी चुकवायची नाही. तिचा नवरा फागू उईके, त्याचं गाव बोदलकसा जलाशयाच्या पलीकडं, जंगलाला लागून. सकाळी सातच्या पाळीला पोचायचं तर चारला उठावं लागे. आधी कुणाच्या तरी मोटारसायकलवर फाट्यापर्यंत, मग बस, मग ऑटो. परतीच्या वाटेवर धनवंताला बसमध्ये बसवतही नसे. ती शेजारच्या बाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपे आणि उतरताना त्या बाईची माफी मागे.

फागूनं चौतीस वर्षं वनखात्यात मजुरी केली होती. शेवटची काही वर्षं कायम झाला होता, त्याचे पैसे हातात आले होते. त्यात शहराजवळ लहानसं घर घ्यायचं ठरलं. भाड्याचं का नाही, असं मुलगा रोशन दोनदा विचारून थकला. तो गोंदियात इंटरनेटच्या तारा जोडायचं काम करी आणि एका खोलीत दोन पोरांबरोबर राही.

"भाड्याच्या घरात पेन बसत नाही," धनवंता म्हणाली. पेन म्हणजे त्यांचा घरचा देव. "मालकानं निघा म्हटलं तर देवाले का पिशवीत घालून हिंडू?"

आता गाव कोणतं, एवढाच प्रश्न राहिला. धनवंताचा कल तिरोड्याकडं होता. तिथं तिची बहीण होती, गोंदियाला जायला रेल्वे होती. फागूलाही तिरोडा पटला. पण घर धरायच्या आधी त्यांच्याकडं दाणे ठेवून पाहत. त्याच्या बापानं ठेवले होते, आज्यानंही. संध्याकाळी जागेवरची चार बोटं माती सारखी करायची. मधोमध पेनाच्या नावाचा धानाचा एक दाणा, उजवीकडं घरधन्याचा, डावीकडं घरधनिणीचा, समोर प्रत्येक लेकराचा. वर करवंटी पालथी घालून तिच्यावर दगड. सकाळी पाहायचं. दाणे जागच्या जागी असले, तर घर तुमचं. एखादा हलला किंवा गेला, तर तिथं राहायचं नाही.

तिरोड्याच्या जागेवर मधला दाणा गेला होता.

"मुंग्या नेतात बाबा," रोशन म्हणाला.

"मुंगीच नेते. मले का माहीत नाही? पन कोनता न्यायचा ते मुंगी नाही ठरवत."

दिवाळीनंतर आमगावला एक घर पाहिलं. मागं विहीर, पुढं कडुनिंब. फागूनं झाडाच्या सालीवर हात फिरवून त्याचं वय सांगितलं आणि घरमालक खूश झाला. सकाळी रोशनचा दाणा वीतभर दूर सरकलेला निघाला.

"माझा दाणा शिफ्टला गेला असेल," रोशन हसत म्हणाला. आई हसली नाही. पुढच्या घरासाठी दाणे निवडताना तिनं रोशनसाठी सुपातला सगळ्यात भरलेला दाणा काढला. दाणे नेहमी तिच्याच शेताचे असत, लुचई नावाच्या बारीक धानाचे. शेती तिनं केली होती. फागूचं आयुष्य जंगलात गेलं. साग, बिजा, येन ही झाडं तो अंधारात नुसत्या हातानं ओळखे, पण शेतातल्या बांधीत कोणतं धान उभं आहे हे त्याला बायकोला विचारावं लागे.

मग तो गुरुवार आला. फाट्यावर बस आलीच नाही. दुसरी आली ती वाटेत बंद पडली. दहा वाजता ते दवाखान्यात पोचले तेव्हा मशीन दुसऱ्याला लावलं होतं. संध्याकाळपर्यंत धनवंताचे पाय गुडघ्यापर्यंत सुजले आणि तिला श्वास पुरेना. फागू बाकावर बसून तिच्या छातीतला आवाज ऐकत होता. पाणी भरलेल्या मडक्यात कुणी फुंकर मारावी, तसा तो आवाज होता. रात्री आठला तिचा नंबर लागला. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर मी काही करू शकणार नाही. जवळ या."

रविवारी रोशननं हेमेंद्रला बोलावलं. हेमेंद्र गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात घरं दाखवी. दोन मोबाइल, कपाळाला टिळा, आणि बोलणं अर्धं हिंदीत.

"काकाजी, लोकेशन एक नंबर. दवाखाना दस मिनट. दुकान सामने. और क्या चाहिए?"

घर दोन खोल्यांचं होतं, नवीन, चुन्याच्या वासाचं. फागूनं खाली पाहिलं. सगळीकडं पांढऱ्या फरशा.

"माती कोठी आहे?"

"माती?" हेमेंद्रनं रोशनकडं पाहिलं. "टाइल्स आहेत ना काकाजी. कंपनीचा माल. मुंगी पण येणार नाही."

"मंग काय कामाची?" फागू म्हणाला.

मागच्या दारी नळाजवळ भिंतीला लागून हातभर रुंदीची माती उघडी राहिली होती. धनवंता तिथं भिंतीला धरून हळूहळू बसली. तिनं माती चाचपली. "येथं कोथिंबीर होईल," ती म्हणाली. एवढ्या महिन्यांत कुठल्याही घराबद्दल ती असं बोलली नव्हती. मग तिनं स्वतः चार दाणे मांडले आणि करवंटी ठेवली. रोशनचे सोबती गावी गेले होते, म्हणून त्या रात्री तिघं त्याच्याच खोलीवर राहिले.

सोमवारी पहाटे फागू चहा आणतो म्हणून निघाला आणि रोशनची गाडी घेऊन कुडव्याला गेला. ठेंगण्या भिंतीवरून आत उतरला. दगड बाजूला केला, करवंटी उचलली.

तीन दाणे होते. डावीकडची जागा रिकामी होती.

त्यानं नखानं माती उकरली. भिंतीच्या फटीत पाहिलं. एक मुंगी नळाच्या पायथ्याशी फिरत होती, तिच्याजवळ काही नव्हतं. तो बराच वेळ उकिडवा बसून राहिला. बापानं दाणे मांडताना दिवाही नीट धरू दिला नव्हता, सावली हलते म्हणून. त्याला ते आठवलं. मडक्यातला आवाजही आठवला.

तो भिंतीवरून बाहेर आला. रस्त्याच्या कडेला कुणीतरी धान वाळत घातलं होतं. त्यानं एक दाणा उचलला, आत जाऊन डावीकडं ठेवला, करवंटी झाकली, दगड ठेवला. मग चहा घेऊन खोलीवर परत गेला.

दवाखान्यात जायच्या आधी सगळे कुडव्याला आले. हेमेंद्र किल्ली घेऊन उभा होता. फागूनं करवंटी उचलली.

"चारही आहेत," रोशन म्हणाला. "बोला आता!"

"बोला था ना?" हेमेंद्र म्हणाला.

धनवंता वाकून पाहत राहिली. मग तिनं एकेक दाणा उचलून पदराच्या टोकाला बांधला. "आहेत," ती म्हणाली. "घ्या मंग हेच."

पौषात ते राहायला आले. शेत दिरानं कसायला घेतलं होतं, तरी तिनं लुचईच्या बियाण्याची लहान थैली बरोबर आणली. पेनाचा पाट कोपऱ्यात मांडला. घर धरताना मांडलेले दाणे त्या पाटाखाली ठेवायची रीत होती. रोशन सामान उतरवत होता. धनवंतानं पदराची गाठ सोडली आणि तीन दाणे पाटाखाली सरकवले. चौथा फागूच्या तळहातावर ठेवला.

"हा कोनता धान होय?" तिनं विचारलं.

"धान होय. लुचई."

"लुचई नोहे जी. रस्त्यावरचा होय. करवंटी उचलली तवाच दिसला मले."

फागूनं दाणा बोटानं उलटा करून पाहिला. बाहेर रोशननं टेम्पोवाल्याला हाक मारली.

"मंग तवा काऊन नाही बोलली?"

"तुमी माया तोंडाकडं पाहून राहिले होते," ती म्हणाली. "असं तोंड तुमचं मी त्या गुरुवारीच पाहिलं होतं. कशी बोलू?"

"मुंग्या असतेत वो. मुंग्याच नेतेत."

"होय. मुंग्याच नेतेत." तिनं भिंतीचा आधार घेतला आणि उठली. "पेनाखाली मले खोटं नाही ठेववत. तुमच्याजवळ राहू द्या. टाकू नका."

गुरुवारी ते दहा मिनिटांत दवाखान्यात पोचले. नर्सबाईंनी विचारलं, "आज इतक्या लवकर?"

"घर घेतलं कुडव्याले," धनवंता म्हणाली. "आमचं सोताचं."

नर्सबाईंनी कार्डावर लिहून दिलं. पुढच्या आठवड्यापासून दोनऐवजी तीन पाळ्या.

संध्याकाळी धनवंता थकून झोपली होती. फागूनं बियाण्याची थैली उघडून मूठभर लुचई ताटात घेतली आणि खिशातला दाणा तिच्यात टाकला. बोटांनी सगळं ढवळलं. तो जाडा होता, आखूड, रंगानं फिका. पहिल्याच नजरेला सापडला. फागूनं पुन्हा ढवळलं. पुन्हा सापडला.