मुद्देमालासकट अटक

दुपारची जेवणं उरकली की सिस्टर टेबलाच्या कडेला एक चमचा विसरायची. अगदी बेत आखून विसरायची. वृद्धाश्रमाच्या ज्या मजल्यावर कुणालाच काही आठवत नाही, तिथे एवढं विसरायचा हक्क आपल्यालाही आहे, असं तिचं म्हणणं.

मग मांजरआजी येत. पावलाचा आवाज नसे म्हणून त्यांना हे नाव पडलेलं. चमचा बाहीत जाई आणि चेहरा असा साळसूद होई की जणू आजी त्या गावच्याच नाहीत. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून हवालदार उठत. त्यांची नोकरी संपून जमाना झाला होता, पण त्यांना ते कुणी कळवलेलं नसावं.

"थांबा! झडती!"

पंच म्हणून सिस्टर आणि खिडकीशी पेंगणाऱ्या शिंपीणबाई. पंचनामा तोंडीच व्हायचा. आजी खुदुखुदु हसत गुन्हा कबूल करत, हवालदार छाती काढून खुर्चीत परतत, आणि संध्याकाळपर्यंत दोघंही सगळं साफ विसरत. दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी करकरीत चोरी.

हा खेळ सुरू होण्याआधी त्याच वेळेला आजी रडत बसत आणि हवालदार 'ड्युटीवर जायचंय' म्हणत दाराला धडका देत. आता ते दोन्ही बंद झालं होतं. सिस्टरला आपल्या युक्तीचा भलताच अभिमान होता, आणि तो लपवण्याची तसदी तिनं कधी घेतली नाही.

पण आजींचं एका चमच्यावर भागेना. त्यांनी धंदा वाढवला. चष्मे गेले, पायमोजे गेले, आणि एके दिवशी मॅनेजरबाईंच्या पाहुण्यांची छत्री गेली. मॅनेजरबाईंचं डोकं फिरलं. "वरच्या मजल्यावर हलवा त्यांना!" वरचा मजला म्हणजे कुलूपबंद खोल्या. तिथे आजींना ना चमचा मिळणार, ना पोलीस. फक्त मुलाचा होकार हवा होता, म्हणून त्याला बोलावून घेतलं.

मुलगा आला. चांगला कोटबिट घातलेला, टक्कल पडलेला माणूस, पण आईशेजारी अंग चोरून बसला.

"वर्षभरात तिनं मला एकदाही ओळखलं नाही," तो सिस्टरला म्हणाला. "मागच्या वेळी गॅस दुरुस्तीवाला समजली. खाली ठेवा नाहीतर वर ठेवा, तिला काय कळतंय?"

सिस्टरच्या जिभेवर भलतंच काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं. "चहापर्यंत थांबा, साहेब. मग काय ते ठरवा."

तो थांबला. चमचा विसरला गेला, नाहीसाही झाला. हवालदार उठले, झडती झाली आणि आजींकडे काहीच सापडलं नाही! असं आजवर घडलं नव्हतं. हवालदारांचा खालचा ओठ थरथरू लागला.

मग हवालदारांची नजर अनोळखी पाहुण्यावर पडली.

"तुम्ही. उभे राहा."

कोटाच्या खिशातून चमचा निघाला. पाठोपाठ दोन चष्मे आणि कुणाची तरी कवळी. आजींनी बसल्या बसल्या सगळा माल शेजारच्या खिशात रिकामा केला होता.

"अहो, हे माझं नाही!"

"सगळे हेच म्हणतात." हवालदारांनी त्याचं मनगट धरलं. "पंच?"

सिस्टरनं मध्ये पडायला हवं होतं. तिनं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. "मुद्देमाल माझ्यासमोर निघाला, साहेब."

मुलगा कानापर्यंत लाल झाला. "आई, सांग ना गं यांना!" शाळकरी पोरासारखं त्याच्या तोंडून निघून गेलं.

आजी ताडकन उठल्या आणि दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "हात सोडा आधी! माझा मुलगा आहे तो. जन्माचा बावळट. साखर चोरून खायचा आणि तोंड पुसायला विसरायचा. हा कसली चोरी करतोय? मी घेतलंय ते सगळं."

मुलगा आईकडे बघत राहिला. त्याला इतकं बरं कुणी कधी बोललं नसावं.

हवालदारांनी बराच विचार केला. "जामीन देतो. पण दर रविवारी इथे हजेरी लावायची. चुकवलीत तर गाठ माझ्याशी आहे."

"लावतो, साहेब," मुलगा म्हणाला. मग सिस्टरकडे वळून म्हणाला, "वर नको. आईला इथेच राहू द्या." सिस्टरला रडू आलं आणि तिनं ते खुशाल येऊ दिलं.

चहा आला. आजींनी शेजारच्या माणसाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला कशात पकडलं हो?"

"चोरीत," तो म्हणाला.

"पहिलीच वेळ दिसतेय." आजींनी त्याचा हात थोपटला. "होईल सवय."