पायावरची वाटी

कोरडेबुवा पैसे घेत नसत. त्यांची बाजू घेणारा प्रत्येक जण आधी हेच सांगायचा, आणि समोरच्याची बोलती बंद व्हायची. मी शेडचा हजेरी-कारकून. कोण आलं, कोण नाही, हे टिपण्यात आयुष्य गेलं, म्हणून बुवांना काय मिळत होतं तेही टिपलं : मुकादमांच्या घराची पुढची खोली, दोन वेळचं गरम जेवण, ते नुसते खाकरले तरी गप्प होणारी चाळीस माणसं, आणि 'डॉक्टरांनी हात टेकले तिथं मी उभा राहिलो' असं म्हणायची सोय. डॉक्टरांनी हात टेकलेच नव्हते. पण ते सांगायला डॉक्टर तिथं नव्हते.

आमची शेड मासे खारवण्याची. सिमेंटच्या टाकीत माशांचा थर, त्यावर मिठाचा जाड थर, वर पुन्हा मासे. टाकीत कोणी थेंबभर पाणी ओतत नाही. दुसऱ्या दिवशी मासे बुडतील इतकं पाणी आपोआप साठलेलं असतं. मुकादमांची बायको, आम्हा सगळ्यांच्या वहिनी, हे काम अठरा वर्षं करत होत्या. मुकादमांची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हापासून दर तिसऱ्या दिवशी त्या त्यांना हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायच्या. चार तास मशीन, मग घर.

बुवांचा पहिला प्रयोग बघायला खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी मोठा बटाटा अर्धा कापला, चमच्यानं कोरून त्याची वाटी केली.

"हात लावून बघा," ते म्हणाले. "वाटी कोरडी, मी कोरडा, माझी पिशवी कोरडी. वहिनींच्या हातचं जेवण तेवढं ओलं."

लोक हसले. वाटीत बोट फिरवून "कोरडी आहे" असं मोठ्यानं सांगणारा मीच होतो.

बुवांनी वाटीत करडी पूड टाकली. मुकादमांचा सुजलेला पाय दोन उशांवर ठेवला, नडगीवर वाटी बसवली, ओठ हलवले. तासाभरात वाटीत पाणी साठलं.

"सुई नाही, नळी नाही. कंद हाक मारतो, विष निमूट बाहेर येतं. लांबून बघा, अंगावर उडेल."

मुकादमांनी पाय दाबून पाहिला. बोटाचा खड्डा कालच्यापेक्षा उथळ पडला. "हलकं वाटतंय," ते म्हणाले, आणि तिथंच निकाल लागला. मशीनला ते कंटाळले होतेच. "या खेपेला नको जाऊ या," त्यांनी वहिनींना सांगितलं. ती खेप चुकली, मग पुढची, मग तिच्या पुढची.

मुकादमांना आडवं होता येईना. भिंतीला टेकून ते धापा टाकत. बुवा म्हणाले, "विष जाता जाता लाथ मारतं."

दहाव्या दिवशी दुपारी डायलिसिस चालवणाऱ्या ताई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. "तीन खेपा चुकल्या, फोन कोणी उचलत नाही," म्हणत आत आल्या, मुकादमांचे निळसर ओठ पाहिले आणि तिथूनच हॉस्पिटलची गाडी बोलावली.

"मी येणार नाही," मुकादम दम घेत म्हणाले. "आजची वाटी भरू दे."

"भरू दे. गाडीला अर्धा तास आहे. वहिनी, दोन बटाटे द्या."

दोन बटाट्यांच्या ताईंनी चार वाट्या केल्या, एक बाजूला ठेवली. बुवांच्याच पिशवीतली पूड दोन वाट्यांत टाकली. त्यातली एक मुकादमांच्या पायावर ठेवली, दुसरी लाकडी स्टुलावर. तिसरी बिनपुडीची, तीही स्टुलावर.

"मंत्राशिवाय कंद बोलत नाही," बुवा म्हणाले.

"मग म्हणा ना. तिन्हींवर म्हणा, हात आखडू नका."

वीस मिनिटांत पायावरच्या वाटीत पाणी चमकलं. स्टुलावरच्या वाटीतही तेवढंच. बिनपुडीची कोरडी राहिली.

"स्टुलाला कसला आजार झालाय, बुवा?"

"विष खोलीभर पसरलंय."

"मग ही तिसरी कशी वाचली?"

कोणीतरी हसायला लागलं आणि मध्येच थांबलं. वहिनींनी पुडीला बोट लावून जिभेवर ठेवलं.

"मीठ," त्या म्हणाल्या. "राख कालवलेलं मीठ."

"टाकीत पाणी कुठून येतं, वहिनी?"

"माशातून." पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. आम्हा बाकीच्यांना मात्र सांगावं लागलं.

"बटाटा बारीक बारीक पेशींचा असतो," ताई म्हणाल्या. "प्रत्येक पेशीला पातळ पडदा. त्यातून पाणी सहज जातं, मीठ जवळजवळ जात नाही. ज्या बाजूला मीठ जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. वाटीतलं पाणी बटाट्याचं आहे. मुकादमांचं पाणी मुकादमांतच आहे."

"मग सूज उतरली ती?" मी विचारलं.

"पाय उशांवर होता. पायातलं पाणी वर सरकलं, दहा दिवसांचं नवं त्यात मिळालं. आता ते छातीत आहे, म्हणून धाप. आमच्या मशीनमध्येही पातळ पडदाच असतो. पण त्याला लागून यांचं रक्त वाहतं. इथं मध्ये धडधाकट कातडी आहे. तिच्यातून काय येणार?"

मुकादमांनी पायावरची वाटी स्वतः उचलून खाली ठेवली. "चला," म्हणाले.

गाडी हॉस्पिटलच्या फाटकात वळली तेव्हा त्यांचा श्वास थांबला. ताईंनी आणि डॉक्टरांनी पाऊण तास खटपट केली, पण तो परत आला नाही.

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोणी माणसावर चमत्कार दाखवला, की तोच निर्जीव वस्तूवर करून दाखवा म्हणावं. आणि उत्तर मिळेपर्यंत चालू औषध, चालू मशीन एक दिवसही थांबवू नये. प्रश्न विचारून कोणाचा अपमान होत नाही. झाला तर होऊ द्यावा.

आता या सगळ्याची किंमत कोणी काय भरली ते. गाडीत मुकादमांना चढवत होतो तेवढ्यात बुवा मागच्या दारानं गेले. त्यांनी काहीच भरलं नाही. आम्ही चाळीस जणांनी आठवडाभर माना खाली घातल्या, मग वर केल्या. मुकादमांनी जीव गमावला. वहिनी पंधरा दिवसांनी कामावर आल्या आणि टाकीऐवजी शेडच्या फाटकावर टोपल्या उतरवून घ्यायचं काम मागितलं. तिथं मिठाला हात लावावा लागत नाही.