जेवणाच्या सुट्टीचा भोंगा

मित्रांनो, मी कृष्णाकाठच्या एका छोट्या गावातला जुना भोंगा आहे. नगरपालिकेच्या गच्चीवर गंजत उभा आहे. मला फक्त ओरडता येतं, म्हणून सांगताना कुठं चुकलो तर सांभाळून घ्या.

फार मागं, एका लढाईत मला घाईघाईनं इथं बसवलं. मी वाजलो की दिवे मालवायचे, घरात शिरायचं, असं गावाला शिकवलं होतं. लढाई संपली आणि शिकवणंही संपलं. नुसता पडून राहतो, त्यापेक्षा वाजू दे, म्हणून मला रोज दुपारी बाराला वाजवू लागले. माझ्या आवाजावर हमाल डबे सोडत, सकाळची शाळा सुटे. लोक कौतुक करत. मीही सुखावलो.

गेल्या वर्षी सीमेवर तोफा धडाडल्या आणि गावोगाव हवाई हल्ल्यापासून बचावाच्या सरावाचा हुकूम आला. राजमतीअक्कांचा मुलगा आर्जव तेव्हा सीमेवर होता. त्याची लेक ब्राह्मी इथल्या बालवाडीत. अक्का नगरपालिकेच्या सभेत उठून म्हणाल्या, "बाराला घंटा वाजवा. भोंगा धोक्यालाच ठेवा. आन् आधी लोकांना शिकवा, लेकरांना तर लय."

गुळाचे व्यापारी भूपालअण्णा हसले. "अक्का, तुमी तर सेनापतीच झालासा! तवाचं तवा बघू की."

सरावाच्या दिवशी मी साडेअकराला जीव तोडून वाजलो. लोकांनी आत जायचं, तर ते बाहेर आले. "आज सुट्टी लवकर झाली रं!" म्हणत हमालांनी रस्ता भरून टाकला. बालवाडीचं फाटक उघडलं आणि लेकरं मोकळ्या मैदानात पळाली.

अक्का धावत सुटल्या. "आत जावा! आवं, आत जावा!"

"का वं? जेवायची सुट्टी झाली न्हवं?" अण्णा शटर ओढत म्हणाले.

"अण्णा, खरंच विमान आलं असतं तर?"

अण्णांचा हात शटरवरच राहिला. समोर मैदानाच्या मधोमध ब्राह्मी दप्तर उडवत नाचत होती.

अहवालात लिहिलं गेलं, 'नागरिकांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.' पुढं तोफा थंडावल्या. अक्कांनी पुन्हा तेच मागणं मांडलं, तेव्हा अण्णाही त्यांच्या बाजूनं बोलले. पण सभेतल्या बाकीच्यांकडून "आता शांतता हाय की, कशाला उगं?" एवढंच उत्तर मिळालं. मी पुन्हा बाराला वाजू लागलो.

मित्रांनो, मला रंग नको, तेल नको. कदाचित माझं चुकत असेल, पण शांततेचे दिवस याच कामासाठी असतात असं मला वाटतं. मी वाजलो की कोणी कुठं जायचं, ते आताच ठरवा आणि वर्षानुवर्षं पोरांना शिकवत राहा. ऐनवेळी मी नुसता ओरडेन.

आर्जव आजही सीमेवर जागा आहे. त्याच्या लेकीनं कुठं लपायचं, ते तिला अजून कोणी सांगितलेलं नाही.