मधल्या शनिवारची पायपेटी

मी एक जुनी पायपेटी आहे. मला पाहून निम्मे लोक विचारतात, "हे शिलाई मशीन का?" आणि उरलेले निम्मे काही न विचारता माझ्यावर चहाचा कप ठेवतात. मित्रांनो, आता वय झालं, दोन्ही चालतं मला. पण हकीकत ऐकायला बसलाच आहात तर एवढं लक्षात ठेवा की माझ्या पोटात एक भाता आहे. पायाखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबल्या की भाता चालतो, हवा पितळेच्या बारीक जिभांवरून जाते आणि सूर निघतो. पाय थांबले की सूरही थांबतो. मला वाजवणाऱ्याला बसल्या जागी चालावं लागतं.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. तिथले म्हातारे कारागीर एकेक जीभ कानसेने घासायचे, कानाशी धरायचे आणि पुन्हा घासायचे. त्यांची बायको जेवायला हाका मारायची. ते "आलो, आलो" म्हणायचे आणि जागचे हलायचे नाहीत. शेवटी ती डबा माझ्या झाकणावर आपटून निघून जायची. माझ्या अंगावरचा पहिला ओरखडा त्या डब्याचा आहे.

मग मला एका शाळेने घेतलं. तिथे मी कित्येक वर्षं प्रार्थना वाजवल्या. पुढे शाळेत स्पीकर आला आणि माझी रवानगी खेळाच्या सामानाच्या खोलीत झाली. फुटके चेंडू, गाठी पडलेले दोर आणि मी, असा आमचा संसार होता. त्यातून मला सोडवलं ते ताईने. ती त्या शाळेत गाणं शिकवायची. तिच्या धाकट्या भावाची एक छोटी नाटक मंडळी होती. भाऊ धाकटा असला तरी मंडळीत सगळे त्याला दादा म्हणत. तो नाटकं लिहायचा आणि बसवायचा. त्याची बायको, म्हणजे आमची वहिनी, गायची. संगीताला माणसंही कमी आणि वाद्यंही कमी, म्हणून ताईने मला हातगाडीवर घालून आणलं.

आमचं गाजलेलं नाटक म्हणजे 'आतला खिसा'. गाजलेलं म्हणजे काय, ज्यांनी पाहिलं त्यांच्यापुरतं गाजलेलं. एका शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी दुसऱ्या दिवशी कायमची परगावी निघालेली असते आणि आई तिचा कोट शिवत असते, एवढीच गोष्ट. आईचं काम वहिनी करायची. मुलीचं काम एक नर्स करायची, दवाखान्यातली ड्यूटी सांभाळून. तिला अचानक रात्रपाळी लागली की आमचा प्रयोग रद्द.

त्या नाटकात एक गाणं होतं. आई कोटाला आतून खिसा लावता लावता गाते आणि मध्येच मुलीला विचारते, "काय ठेवशील गं यात?" मग ती थांबते. किती थांबायचं ते दादाने लिहून ठेवलेलं नव्हतं. मुलगी कधी लगेच मान फिरवायची, कधी हसायची, कधी नुसती बघत राहायची, आणि वहिनी त्याप्रमाणे थांबायची. तेवढा वेळ ताई माझा एकच सूर धरून बसायची. तिचे डोळे माझ्या पट्ट्यांवर नसायचे, वहिनीच्या उजव्या खांद्यावर असायचे. वहिनी श्वास घ्यायची तेव्हा तो खांदा किंचित वर व्हायचा, आणि तो वर झाला की ताई पुढचा सूर दाबायची. आमची सगळी तालीम म्हणजे त्या खांद्याची तालीम होती.

लोक रडायचे. मी बढाई मारत नाही, मला झाकणाच्या फटीतून दिसायचं. एकदा प्रयोग संपल्यावर एक गृहस्थ खुर्चीत बसूनच राहिले. झाडूवाल्या बाईंनी सांगितलं, "साहेब, पाय वर घ्या." त्यांनी पाय वर घेतले आणि तसेच बसून राहिले. अशा वेळी मला फार अभिमान वाटायचा.

मग आम्ही दर शनिवारी ज्या छोट्या हॉलमध्ये प्रयोग करायचो, त्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, मोठं नाट्यगृह उभं राहिलं आणि तिथे मोठा संगीत खेळ लागला. त्यात रंगमंचावर खरं पाणी होतं, पाण्यात जहाज होतं आणि मध्यंतराच्या आधी ते जहाज पेटायचं. बसच्या पाठीवर, पुलावर, दुधाच्या पिशवीवरसुद्धा त्या जहाजाचं चित्र आलं. आमच्या नाटकाचं चित्र काढायचं तर काय काढणार? एक बाई सुई ओवते आहे. त्या चित्रासाठी कोण बस थांबवेल?

ताई आणि वहिनी तो खेळ पाहून आल्या. दादा वाटच बघत होता.

"कसं होतं?" त्याने विचारलं.

"खोटं कशाला बोलू? जहाज पेटलं तेव्हा मी आ वासून बघत राहिले," ताई म्हणाली. "पाण्याचे शिंतोडे पहिल्या रांगेपर्यंत येतात रे."

"आणि गाणी?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "गाणी होती," वहिनी म्हणाली.

मी त्या खेळाला नावं ठेवणार नाही. तिथेही शंभर माणसं घाम गाळत होती. पण आमच्या खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या हेही खरं. माणूस वर्षातून एखाद्या वेळी घरच्यांना घेऊन बाहेर पडतो. त्याला वाटतं, गेलो आणि पोरं कंटाळली तर? जहाज तर नक्की पेटणार आहे, रोज पेटतं. आमच्याकडे नक्की असं काहीच नव्हतं. वहिनीचा घसा बसला की नाटक बसलं. मोठ्या खेळात एकीला सर्दी झाली तर दुसरी तयार असते आणि तिसरी कपडे घालून उभी असते. शिवाय आमची जाहिरात एका तोंडातून दुसऱ्या कानात जायची आणि तिची चाल गोगलगायीची होती.

एके दिवशी आमच्या हॉलचे मॅनेजर आले. भले गृहस्थ, पण बोलताना सारखे किल्ल्यांशी चाळा करायचे. "दादा, या हंगामाच्या शेवटापर्यंत बघतो," ते म्हणाले. "निम्म्या खुर्च्या तरी भरल्या पाहिजेत. नाहीतर शनिवार दुसऱ्या कोणालातरी द्यावे लागतील."

शनिवार गेले की मंडळी गेली. बाकीचे दिवस सगळे नोकऱ्यांवर असायचे. दादाच्या तोंडचं पाणी पळालं, आणि घाबरलेला माणूस शेजाऱ्याची नक्कल करतो तशी त्याने केली. त्याने एक मोठा पडदा भाड्याने आणला, धुराचं यंत्र आणलं आणि संगीत आधीच रेकॉर्ड करून घेतलं.

"ताई, ऐक तर," तो म्हणाला. "रेकॉर्डिंगमध्ये वीस व्हायोलिनं येतात."

"एका आईला वीस व्हायोलिनं कशाला लागतात रे?"

"लोकांना मोठं लागतं गं."

"मग मला जरा खायला घाला," वहिनी म्हणाली. ती सुईसारखी बारीक होती. दादा सोडून सगळे हसले.

ताईला तिकिटाच्या खिडकीत बसवलं. माझ्या बाबतीत दादाला एक कल्पना सुचली. आईच्या शिवणघरात कापड बेतायला टेबल हवंच होतं. सुताराने माझ्या कुशीत चार खिळे ठोकून वर फळी बसवली आणि त्यावर कापडाचा तागा ठेवला. ज्या नाटकात मी गात होते त्याच नाटकात मी टेबल झाले. मित्रांनो, मला त्याचं वाईट वाटलं आणि ते मी लपवत नाही. धुराचा ओलावा माझ्या पोटात शिरला, दोन जिभा चिकटून मुक्या झाल्या आणि भात्याचं कातडं तडकलं. कोणी उघडून पाहिलं नाही.

पडद्यावर आता हत्तीएवढी सुई दिसायची. सुरुवातीला थोडी माणसं वाढली. पण जाताना ती काय बोलत ते ताईला खिडकीतून ऐकू यायचं. "बरं होतं. पण समोरच्यासारखं नाही." पूर्वी असं कोणी म्हणत नव्हतं. आम्ही स्वतःहून त्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिलो होतो, आणि त्या रांगेत आम्ही सर्वांत बुटके होतो.

एका शनिवारी नर्स दवाखान्यातून थेट आली. तिच्या वॉर्डातल्या एक आजी सकाळी गेल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी तिचा हात धरून ठेवला होता. तिने हे फक्त वहिनीला सांगितलं आणि तोंड धुऊन ती उभी राहिली. गाणं सुरू झालं. "काय ठेवशील गं यात?" वहिनीने विचारलं. नर्सने कोटाच्या खिशात हात घातला आणि तो तिला बाहेर काढता येईना. ती तशीच उभी राहिली. वहिनी थांबली. कोणतीही आई थांबली असती.

रेकॉर्डिंग थांबलं नाही. ठरल्याप्रमाणे चार मोजून वीसच्या वीस व्हायोलिनं सुरू झाली, गाण्याचं पुढचं कडवं वाजलं आणि संपलंसुद्धा. वहिनीने ते गायलंच नाही. ती माझ्यावरच्या फळीवर हात टेकून नर्सकडे बघत राहिली. माझ्या पोटात तिला लागणारा सूर होता आणि वर कापडाचा तागा होता. संगीत संपलं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

दादा विंगेत उभा होता. त्याने सगळं पाहिलं. लोक गेल्यावर त्याने स्वतः तागा उचलला आणि पक्कड घेऊन खिळे काढायला बसला. काढता काढता एक वाकला, तो अजून माझ्यात आहे.

"ताई, पुढच्या शनिवारी तू बस," तो म्हणाला.

"आणि ती वीस व्हायोलिनं?"

"घरी पाठवली."

ताईने मला उघडलं, मऊ ब्रशने एकेक जीभ साफ केली, भात्याला नवं कातडं लावलं. एक जीभ शेवटपर्यंत बोलली नाही. "असू दे, मी तिला वगळून जाईन," ती म्हणाली आणि खरंच गेली.

पुढचे शनिवार चांगले गेले. पण चांगले गेले आणि भरले यात फरक आहे. पाहिलेला माणूस दोघांना सांगायचा, आणि ते दोघे म्हणायचे, "हो का? बघू एकदा." ते "एकदा" उगवायच्या आत हंगाम संपला. मॅनेजर किल्ल्या वाजवत आले. "मला आवडतं हो तुमचं नाटक," ते म्हणाले, "पण माझ्या एकट्याने हॉल भरत नाही." शनिवार गेले. दादाने दारावर पाटी लावली: शेवटचा प्रयोग.

त्या दिवशी हॉल भरला. नुसता भरला नाही, मॅनेजरना ऑफिसमधल्या खुर्च्या आणाव्या लागल्या. लोक पायऱ्यांवर बसले, भिंतींना टेकून उभे राहिले. वहिनीने प्रश्न विचारला आणि ती इतकी थांबली की ताईच्या पोटऱ्या भरून आल्या. तरी तिचे पाय चालत राहिले आणि मी सूर सोडला नाही. एवढ्या माणसांत कोणी खोकलंसुद्धा नाही. मग खांदा वर झाला.

शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बरेच जण रंगमंचावर आले. एक गृहस्थ डोळे पुसत वहिनीला म्हणाले, "हे बंद करू नका हो. असं आता कुठे बघायला मिळतं?"

"आधी पाहिलं होतंत?" वहिनीने विचारलं.

"नाही ना. यायचं यायचं म्हणत राहूनच गेलं." ते ओशाळून हसले. "समोरचं मात्र दोनदा पाहिलं. पाहुणे आले होते."

वहिनी रागावली नाही. तिने हात जोडले आणि म्हणाली, "आलात, बरं वाटलं." ताई माझ्या पट्ट्या पुसत होती. तिने ते ऐकलं आणि ती तिथेच, माझ्या झाकणावर डोकं ठेवून रडली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आता मी ताईच्या घरी आहे. दादाने नवं नाटक लिहिलं आहे आणि एका वाचनालयाने वरची खोली शनिवारपुरती दिली आहे. खुर्च्या थोड्याच आहेत. तालमी आमच्याच खोलीत चालतात आणि शेजारच्या काकू भिंत ठोकतात.

मित्रांनो, मला तेलपाणी करा, माझ्यावर कप ठेवू नका, असं मी सांगणार नाही. ते ताई बघते. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. पहिल्या प्रयोगाला आमचे नातलग येतील, ते हक्काचे आहेत. शेवटच्या प्रयोगाला तुम्ही सगळे याल, रुमाल घेऊन याल, हेही मला ठाऊक आहे. पण नाटक जगतं की मरतं ते मधल्या शनिवारी ठरतं. तेव्हा पाटी नसते, गर्दी नसते आणि घरातून निघायचा कंटाळा आलेला असतो. अशाच एखाद्या शनिवारी या. पाहुणे आले असतील तर त्यांनाही घेऊन या.